खुंटीवरचा बॅज

— तो होय? तो आमच्या ह्यांचा बॅज आहे, अर्पिताच्या बाबांचा. तुम्ही आल्यापासून दोनदा तिकडं पाह्यलं म्हणून सांगते. त्यायले जाऊन आता सहा वर्षं झाली, पण खुंटी तीच आणि बॅजही तोच. छत्री काढली, टिफिनची पिशवी काढली, बॅज राहू दिला. तुमच्याही गळ्यात तसाच आहे न, नवीन तऱ्हेचा? त्यावर नाव आहे — राखी. बसा न राखी मॅडम, नीट टेकून बसा, ती खुर्ची हलते पण पाडत नाही कोणाले. ह्यांचा तर साधा प्लास्टिकचा, आत एक पट्टी असायची. तीन महिने झाले की पट्टी पाकिटात घालून मुंबईले जायची आणि मंग तिकडून रिपोर्ट यायचा, अंगात किती किरणं गेली त्याचा. मेहकरच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे हे. आमच्या हिवरा आश्रमात कोणालेही विचारा, इंद्रभान फोटोवाले म्हणलं की माणूस घरापर्यंत आणून सोडते — तुमच्या ड्रायव्हरलेही तसंच सोडलं असंल कोणीतरी. एक्स-रेले इकडं फोटोच म्हणतात. एक म्हातारी तर नवं लुगडं नेसून, केस विंचरून आलती फोटो काढाले. हे म्हणे, मावशी, हाडाचा फोटो आहे, हाडाले कोण पाह्यते? तर म्हणे, बापा, तू तर पाहशीन न.

अर्पिता? नाही न घरी. सांगतलं मी मघाशी दारात — चिखलीले गेली मावशीकडं, दोन-तीन दिस झाले. आज येत नाही ती. उद्याचंही काही सांगता येत नाही, मावशी सोडते थोडीच. आणि फोन बंद आहे कारण — चार्जर इथंच विसरली. पोरी विसरतातच. तो आवाज? तो आतल्या खोलीतला पंखा आहे, मीच चालू ठेवला असंल, लाईट जाते-येते तर समजत नाही. चहा घ्या. तुम्ही रातभर गाडीत बसून आल्या पुण्याहून, तोंडावर दिसते तुमच्या. फोनवर मेसेज टाकला असता तर — बरं, फोन बंद आहे, हाव. तेही खरंच.

मी काय सांगत होते? रिपोर्ट. तो कसा यायचा माहीत आहे? कोरा. एवढी वर्षं नोकरी केली ह्यायनं, एकदाही आकडा चढला नाही. दवाखान्यातले मोठे डॉक्टर सगळ्यायसमोर म्हणले होते, इंद्रभानसारखं जपून काम करा. आणि जपायचं काय, काही अवघड नव्हतं ते. एक्स-रेच्या खोलीबाहेर भिंतीले एक खिळा होता, देवाच्या कॅलेंडरचा. त्याले बॅज अडकवायचा आणि मंग आत जायचं. 'चप्पल देवळाबाहेर, बॅज खोलीबाहेर' — असं म्हणायचे हे. नवीन पोट्टे कामाले आले की त्यायले पहिले हेच शिकवायचे. कारण पट्टी भरली की वरून कागद येते, माणसाले तीन महिने घरी बसवा म्हणून, आणि खाजगी दवाखान्यात घरी बसला तो बसलाच, त्याच्या जागी दुसरा उभा राहते. म्हणून पट्टी भरू द्यायची नाही. दुधावर आपण झाकण ठेवतो न, तसं. शाळा सुटली की अर्पिता तिथंच जायची, त्या कॅलेंडरखालच्या बाकड्यावर बसून अभ्यास करायची. पेशंट आला की तीच ओरडे — बाबा, बॅज. की हे मान खाली करायचे आणि ती त्यायच्या गळ्यातून काढून खिळ्याले लावायची. हात पुरत नव्हता तिचा, बाकड्यावर चढून लावायची. बारक्या पोट्टीचं काम ते, तिले त्याचा मोठा मान वाटे. बाबा आत चालले म्हणजे बॅज काढाचा, हे तिच्या हातालेच माहीत होतं. आजही —

तुम्ही चहा काऊन ठेवून दिला? गोड झाला का? मले साखर जास्त पडते, ह्यायले तसाच लागे.

नाही, 'आजही' म्हणजे काही नाही. आजही आठवते, असं म्हणणार होते मी.

तिचं काम? सांगते न. सांगतच असते फोनवर, आणि मीही विचारते, मले समजो न समजो. तुमच्याकडं ते जाकीट करता न तुम्ही, अंतराळात लय दूर जाणाऱ्या माणसासाठी. तिनं मले इथं ओट्यावर बसवून समजावलं होतं. म्हणे, आई, आपल्या अंगावर हवेचं पांघरूण आहे आणि धरतीच्या पोटात लोहचुंबक आहे, तिकडून जे वाईट येते ते दोघं मिळून अडवतात. चंद्राच्या पुढं गेलं की पांघरूण नाही आणि काहीच नाही. सूर्यावर वादळ झालं की किरणं येतात, ती दिसत नाहीत, चटका लागत नाही, वास नाही, आवाज नाही. माणूस खिडकीतून पाहत बसला असंल, जेवत असंल, आणि तिकडं अंगात काम होऊन चाललं. म्हणून जाकिटात हे एवढे एवढे — शर्टाच्या गुंडीपेक्षा थोडे मोठे — मोजणारे बसवले, छातीवर, पाठीवर, पोटावर, मांडीवर. कारण किरणं ज्या अंगानं येतात त्या अंगाले जास्त लागतात. एवढ्यावर गेलं की ते ओरडते, आणि मंग त्या माणसानं धावत जाऊन पाण्याच्या पिशव्या रचलेल्या कोपऱ्यात लपून बसायचं. मी म्हणलं, अर्पू, म्हणजे हा ताईतच झाला की व. तर लय हासली. म्हणे, ताईत वाचवते म्हणतात लोक, हे नाही वाचवत. हे फक्त सांगते. मी म्हणलं, फक्त सांगाले एवढी खटपट? तर म्हणे, आई, तिथं सांगणारं दुसरं कोणीच नाही न.

आणि रंगराव. तुम्हाले तर माहीतच असंल. जाकीट घालून बसवता तो पुतळा, त्याले रंगराव नाव आमच्याच पोरीनं ठेवलं. रंगराव म्हणजे माये वडील. ओट्यावर बसले की सकाळपासून सांजीलोक हलत नव्हते, कोंबडी मांडीवर चढली तरी हाकलत नव्हते. मायी माय म्हणे, माणूस केला की मातीचा गणपती केला. तर अर्पिता म्हणे, आमच्याकडं एक आजोबा आला, डिट्टो तसाच, त्याले मी जाकीट घालते, गुंड्या लावते, पट्टे आवळते. फोटोही दाखवला होता. मी म्हणलं, तुया आजोबानं असं जाकीट घातलं असतं तर बैल पळाले असते. तुम्हीही हासल्या न आता? थोड्या हासल्या तुम्ही. बरं वाटलं. आल्यापासून तुमचं तोंड असं आहे की —

काय म्हणल्या? रंगरावनंच सांगतलं? काय सांगतलं रंगरावनं?

थांबा मॅडम, हळू. मी बारावीपर्यंत शिकली आहे, पण त्याले लय वर्षं झाली, मले मायासारखं सांगा. मधी एक दांडी आहे. हाव, ती शिशाच्या डब्यात असते, तिच्यातून किरणं निघतात, हे अर्पितानं सांगतलं होतं. जाकीट तपासायचं असलं की बाहेरून बटण दाबायचं, दांडी वर येते, रंगरावच्या अंगावर किरणं पडतात, जाकीट मोजते. पुन्हा बटण, दांडी खाली डब्यात, दिवा हिरवा. मंग दार उघडून आत जायचं. बरोबर. मंग? — त्या दिवशी बटण दाबलं, दिवा हिरवा झाला, आणि दांडी गेलीच नाही खाली? वरच अडकली? आणि दिवा हिरवा? असं कसं होते? — आणि भिंतीवर ते ओरडणारं यंत्र असते न, तेही म्हणे — दुरुस्तीले गेलेलं. बरं. आणि थोड्या वेळानं दांडी आपल्या आपण खाली बसली, म्हणून कोणाले काही समजलंच नाही. पण रंगरावच्या अंगावर जाकीट चालूच होतं. तपासताना त्याचं ओरडणं बंद ठेवता म्हणे, पण ते मोजतच होतं. आणि ते आकडे तुम्ही काल वाचले. हाव, हाव, समजून राह्यलं मले, तुम्ही सांगा.

छातीवरचे आकडे चढत होते. आणि मधीच छातीवरचे थांबल्यासारखे झाले आणि पाठीवरचे चढाले लागले.

म्हणजे तो फिरला. रंगराव फिरला. — तो नाही फिरत मॅडम. तो स्वतः कसा फिरंल. कोणीतरी त्याले खांद्याले धरून फिरवलं असंल. पाठीकडचे पट्टे ढिले असले की फिरवाच लागते, अर्पिता म्हणे, जड आहे मेला, कवेत घ्या लागते —

हर्षल, काजल आणि अर्पिता, तिघांची ड्युटी होती. आणि तिघांचेही बॅज कोरे? बरं झालं न मंग. कोरे म्हणजे कोणीच आत गेलं नव्हतं. मशीनच बिघडली असंल तुमची, जाकीटच चुकलं असंल. नवीनच आहे न ते, नवीन वस्तू चुकते. तुम्ही मान काऊन हालवता? बॅज कोरा आहे म्हणजे माणूस कोरा आहे — असंच असते न? ह्यांचाही कोरा असायचा. सगळी वर्षं कोरा होता.

कशानं गेले म्हणता? ह्यांचं विचारता? रक्ताचा आजार झाला होता. संभाजीनगरले नेलं, मुंबईलेही नेलं. डॉक्टर म्हणले कशानंही होते, सांगता येत नाही. तंबाखू होती थोडी. तंबाखूच असंल. मी कधी तसं दुसरं काही — माया मनात कधी तसं आलं नाही. कोऱ्या रिपोर्टची फाईलच होती न घरात, मुंबईच्या डॉक्टरलेही मीच दाखवली. तो म्हणे, छान आहे, मंग ह्याच्यामुळं नाही. मी दाखवली न मॅडम फाईल. माया हातानं दाखवली.

तुमचा तो बॅज जरा दाखवता? ओरडतोही तो? — किरणं जास्त असली की लगेच ओरडतो. गळ्यात असला तर. ह्यांचा तर मुका होता.

म्हणजे गळ्यात असता तर दारातच ओरडला असता. पहिल्या पावलाले.

नाही, मी कुठं म्हणलं की ती आत गेली? मी असता तर म्हणलं. असता तर. तुम्ही काजलले विचारा. काजलले सगळं माहीत असते, तिच्याच खोलीवर राह्यते न ही. काजल काही बोलणार नाही तुमच्यापाशी, तिनं तर काल सांजीलेच फोन करून सांगतलं हिले, की बॅजची चौकशी लागली आहे, तू दाराच्या हुकाले लटकवते ते मॅडमले माहीत झालं तर तुयं परमनंटचं गेलं, फोन बंद कर आणि चार दिस गप्प —

पाणी आणू का तुम्हाले? माठाचं आहे, थंड आहे.

हाव. काल सांजीले. इथंच आला फोन. मायासमोर आला. — मावशीकडं? हाव, मावशीकडं गेली न ती, पण — नंतर गेली. काल रात्री गेली. रात्रीची बस नसते, जीपनं गेली. दोन-तीन दिस मी चुकून म्हणलं.

मॅडम, तुम्हीही कोणाची तरी लेक आहात, खरं सांगा. बॅज बाहेर लटकवला म्हणून पोरीले नोकरीवरून काढतात का? काढत असाल तर काढा, पण तिनं चोरी नाही केली. आळसही नाही केला. तिच्या बाबाचं तसं होतं, बस. पुढच्या महिन्यात पक्की करणार होते तिले. मामाच्या पोरीच्या लग्नाले आली तर मांडवात सगळ्यायले सांगत होती, पक्की झाली की पहिले आईले पुण्याले आणते, रंगराव दाखवते. त्या पोरीनं ज्याच्यासाठी दिवसरात एक केला ते जाकीट तिच्यावरच चुगली करते, हे काय — नाही. चुगली नाही. तिचाच शब्द आहे. ते फक्त सांगते.

कधीचं आहे हे? तारीख नका सांगू, वार सांगा. लग्नाच्या आधीच्या गुरवारी? दुपारी? आणि गुरवारी रात्रीच्या गाडीनं निघाली न ती. शुक्रवारी सकाऊन मी मेहकरच्या स्टँडवर आणाले गेलती. उतरली आणि तिथंच वकली. कंडक्टर म्हणे, बाई, तुमची पोरगी रातभर वकून राह्यली, पिशव्या दिल्या मी तिले. आणि मॅडम, आमच्या अर्पिताले गाडी लागत नाही. लहानपणापासून लागत नाही. ट्रॅक्टरमधी बसून, एसटीच्या मागच्या सीटवर बसून, कशानंच लागत नाही. मी म्हणलं ऊन आहे, रात्रीचं बाहेरचं खाल्लं असंल. कैरीचं पन्हं केलं. दोन दिवसांत बरी झाली. एकदम बरी, खणखणीत. हळदीले नाचली. म्हणून मंग मी ते विसरूनच गेली. बरी झाली म्हणजे गेलं न ते? आठ-दहा दिस तिले काहीच नव्हतं, भाकर खात होती, हासत होती. गेलं असंल न मॅडम?

तुम्ही हो म्हणा न. एवढं तर हो म्हणा.

बरी वाटते. पहिले वाटतेच बरी. असं म्हणता तुम्ही.

मंग बोटांचंही सांगू का. लग्नात मेंदी काढली सगळ्या पोरींनी, हिनंही काढली. चार दिवसांनी बोटं लाल झाली, आतून, इथं, पेरांवर — आणि तळहाताले इथं. चुरचुरते म्हणे. मंग फोड आले, म्हणून सुटी वाढवून इथंच राह्यली. मी म्हणलं, मेल्यायनं कोनात काय केमिकल घातलं असंल. मेंदीवालीले शिव्या दिल्या मी, तिच्या घरी जाऊन बोलून आली. ती बिचारी म्हणे, काकू, बाकी कोणाच्या हाताले काही नाही. खरंच कोणाच्याच हाताले नव्हतं. एवढ्या पोरी होत्या, एकीलेही नाही. तेव्हाही माया डोक्यात आलं नाही. असं धरलं असंल न तिनं त्याले? असं, दोन्ही हातानं, खांद्यापाशी. फिरवाले. आणि दांडी कोणत्या बाजूनं असते? — म्हणजे तिच्या तोंडासमोर. रंगरावच्या पाठीमागं. त्याले फिरवून, कवेत घेऊन, दांडीकडच्या बाजूनं हात घालून ती पट्टे आवळत बसली असंल. ती घाई करत नाही कोणत्या कामाची. दोनदा पाह्यते. बाबासारखी.

ह्यांच्या वेळचंही मले सगळं आठवते. पहिले थकवा आला. मंग अंगावर बारीक बारीक लाल ठिपके, मच्छर चावल्यासारखे. मंग एक दिवस सकाऊन दात घासताना बेसिनमधी — ते मले म्हणले, काही नाही, ब्रश कडक आहे. मी ब्रश बदलून आणला. मऊ आणला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तेव्हा मी लहान होती असं नाही मॅडम, चाळिशी झालती मायी, तरी मी ब्रशच बदलत बसली.

आज सकाऊन मी तिची वेणी घालत होती. तेल लावून देते मी तिले घरी आली की, तिले आवडते, पायापाशी बसते येऊन. फणी लावली तर — मले वाटलं गुंता आहे. गुंता नव्हता. फणीसंगं आले. मुळापासून, असा पुंजका. ती पाठमोरी होती, तिले दिसलं नाही. मी मुठीत धरले आणि पदरात बांधले. हे पाहा. अजूनही पदरातच आहेत. वेणी ढिली घातली मंग, हलक्या हातानं, बोलत बोलत. म्हणलं, पाण्याचा फरक आहे पुण्याच्या. हाव म्हणे. आणि मंग ती तोंड धुवाले गेली, आणि मी तिच्यामागं मोरीत गेली तर पाणी गुलाबी होतं. थोडंसंच. ती म्हणे, आई, ब्रश कडक आहे.

मी नळ सोडला आणि पाणी जाऊ दिलं.

तेवढ्यात तुमची गाडी आली. आणि ती मले म्हणे, लॅबच्या असतील, नाही म्हणून सांग, बॅजचं निघालं आहे. तिले तेवढंच वाटते मॅडम. बॅजचंच. दांडीचं तिले माहीतच नाही. दिवा हिरवा होता न. हिरवा दिवा पाहूनच गेली असंल ती, तिनं नेम मोडला नाही, तेवढा एकच मोडला. आणि तुम्ही आल्यापासून मी खोटं बोलून राह्यली, चिखली म्हणते, मावशी म्हणते, चार्जर म्हणते, आणि तुम्ही निमूट ऐकून घेतलं. तुम्हाले दारातच समजलं होतं न? तुम्ही चपला काढताना खाली पाह्यलं होतं.

दवाखाना कोणता म्हणता — मुंबईचाच. तिथं तयारी ठेवली आहे. रक्त देतात, सुई देतात, वेगळ्या खोलीत ठेवतात, हाव. किती लागलं अंगाले ते समजल्याशिवाय औषध ठरत नाही, आणि बॅज कोरा आहे. म्हणून तुम्ही विचारत फिरता, कोण होतं ते. समजलं. म्हणजे मी आता नाही म्हणलं तर तुमच्या कागदावर नाहीच राहील. पुन्हा कोरा राहील. एक फाईल आहे मायाजवळ तशी, दुसरी नको.

एक विचारते, मंग उठते. वाचते न माणूस ह्यातून? — नका सांगू. तुम्ही डोळे खाली केले तेवढं पुरे. 'वेळेवर गेलं तर' म्हणा फक्त. म्हणा. — वेळेवर गेलं तर. बस, एवढं घेऊन जाते मी आत.

तिले तुम्ही काही सांगू नका, दांडीचं मी सांगते. गाडीत सांगते, डोकं मांडीवर घेऊन. तुम्ही सांगतलं तर ती मनातच हिशेब करंल, किती वेळ होती, किती जवळ होती, तिले सगळं येते ते. तुम्ही बाहेर जा. ड्रायव्हरले म्हणा गाडी वळवून दाराशी लाव, एसी लावून ठेव, भोंगा नको वाजवू. आणि जाता जाता खुंटीवरचा तो बॅज काढून न्या, तुमच्या पिशवीत टाका नाहीतर नालीत टाका, मले विचारू नका.

आणि मॅडम, दारातल्या त्या लाल पट्ट्याच्या चपला माया नाहीत.

आता बोलू नका. पंखा बंद झाला.